मजुरांची सुरक्षितता व शेतीचे उत्पन्न

शेतीच्या खर्चाचा हिशेब मांडताना शेतकरी बी-बियाणे, खते, औषधे, औतभाडे आणि मजुरी या बाबी काटेकोरपणे मांडतो. बैल दमला तर त्याचे जू उतरवून त्यास सावलीत बांधावे, इंजिन तापले तर ते काही वेळ थांबवावे, हे त्याला कोणी सांगावे लागत नाही. ज्या माणसाच्या हातून ही सारी कामे व्हावयाची, त्याच्या देहाची मात्र अशी निगा क्वचितच राखली जाते. मजूर मिळत नाहीत, मिळाले तर टिकत नाहीत आणि टिकले तर पूर्वीसारखे काम करीत नाहीत, ही तक्रार आज गावोगाव ऐकू येते. तिची कारणे अनेक आहेत. त्यांपैकी एक कारण मात्र पूर्णपणे शेतकऱ्याच्या हातात आहे, आणि ते म्हणजे कामावरील अपघात, विषबाधा, उन्हाचा ताप व अतिश्रम यांमुळे वाया जाणारे दिवस.

शेतीतील दिवस कारखान्यातील दिवसासारखा नसतो. कारखान्यात आज राहिलेले काम उद्या भरून काढता येते. शेतात वाफसा गेला की पेरणीचा घात गेला. पावसाची उघडीप चारच दिवसांची असेल आणि त्यांतील दोन दिवस खुरपणीच्या बाया तापाने पडून राहिल्या, तर तण पिकाच्या डोक्यावर जाते. म्हणून मजुराचा आजार केवळ त्याच्या घरापुरता राहत नाही. तो मालकाच्या उत्पन्नातही उतरतो, जरी हिशेबाच्या वहीत त्याचा रकाना नसला तरी.

मजुरांच्या सुरक्षिततेची काळजी घेणे हा दयाळूपणाचा भाग आहे, असा एक समज आहे. तो अपुरा आहे. शेतीकामातील ज्या चुकांमुळे माणसाला इजा होते, बहुधा त्याच चुकांमुळे औषध, धान्य आणि वेळही वाया जातो. फवारणीच्या कामात हे सर्वांत स्पष्ट दिसते, म्हणून त्याचा विचार प्रथम करू.

फवारणी

सन २०१७ च्या खरिपात यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी व शेतमजूर दगावले आणि शेकडो लोकांना रुग्णालयात दाखल करावे लागले. त्या वर्षी कपाशी अनेक ठिकाणी डोक्याइतकी वाढली होती व शेते दाटली होती. बोंडअळीच्या धास्तीने दोन-तीन औषधे एकत्र मिसळून वारंवार फवारली जात होती. अतिशय बारीक तुषार उडविणारे यांत्रिक पंप वापरात होते, आणि एकच मजूर दिवसामागून दिवस या शेतातून त्या शेतात फवारीत फिरत होता. पीक कमरेइतके असते तेव्हा तुषार माणसाच्या खाली पडतात. ते डोक्याइतके झाले की माणूस औषधाच्या धुक्यातूनच चालतो. अशा वेळी नेहमीच्या सवयीने केलेले कामही घातक ठरते.

विष पोटातूनच जाते, ही समजूत अजूनही सार्वत्रिक आहे. औषध प्यायले नाही तर भय नाही, असे मजूर म्हणतो आणि मालकही मानतो. वस्तुतः फवारणी करणाऱ्याच्या शरीरात बहुतांश विष कातडीवाटे शिरते. घाम आलेली, उन्हाने तापलेली व ओरखडे पडलेली कातडी ते अधिक वेगाने शोषून घेते. पाठीवरील पंपाचे झाकण सैल असेल तर पाठ आणि कंबर दिवसभर औषधाने भिजत राहते. मजुराला ते ओले लागते, परंतु घामही ओलाच असतो, म्हणून तो लक्ष देत नाही. भिजलेला सदरा संध्याकाळपर्यंत अंगावर राहिला तर तो औषधाच्या पट्टीसारखाच काम करतो.

आता यातील उत्पन्नाची बाजू पाहावी. गळक्या पंपातून जे औषध मजुराच्या पाठीवर जाते, ते पिकावर जात नाही. वाऱ्याच्या विरुद्ध दिशेने फवारले तर औषध तोंडावर येते आणि पानावर बसत नाही. भर दुपारी फवारले तर बारीक तुषार पानावर पोचण्यापूर्वीच सुकून वाऱ्यावर जातात, किडीला मात्रा कमी पडते, आणि आठ दिवसांनी पुन्हा फवारणीचा खर्च उभा राहतो. झिजलेल्या नोझलमधून थेंब मोठे पडतात, काही ठिकाणी औषध ओघळून मातीत जाते व काही ठिकाणी पान कोरडेच राहते. तीन औषधे एकत्र मिसळल्याने कीड तिप्पट मरत नाही. काही मिश्रणे एकमेकांचा गुण मारतात, काही पिकाला चट्टे पाडतात, आणि विषबाधा झालीच तर कोणत्या औषधावर उपचार करावा हे डॉक्टरांना कळणे अवघड होते. मजुराला वाचविणारी पद्धत आणि औषध वाचविणारी पद्धत या दोन वेगळ्या पद्धती नाहीत.

फवारणीपूर्वी पंपात नुसते पाणी भरून तो दहा मिनिटे चालवून पाहावा. पाठीवर ओल आली तर झाकणाचे वायसर आणि नळीचे जोड प्रथम बदलावेत. या दुरुस्तीचा खर्च एका फवारणीच्या औषधापेक्षा पुष्कळच कमी असतो. नोझल तुंबल्यास ते तोंडाने फुंकू नये. जुना दात घासण्याचा ब्रश मजुराच्या खिशात ठेवला की फुंकण्याचा प्रसंग येत नाही. औषध पाण्यात हाताने न ढवळता लांब काठीने ढवळावे. वारा ज्या बाजूस वाहत जातो त्या बाजूच्या कडेपासून आरंभ करावा व वाऱ्याला आडवे चालत फवारावे, म्हणजे फवारलेला भाग वाऱ्याच्या खाली राहतो आणि माणूस कोरड्या पिकाकडे सरकत जातो. पानांवरील दव सुकल्यानंतरची सकाळ किंवा ऊन उतरल्यावरची संध्याकाळ या कामास योग्य होय.

संरक्षक पोशाखाविषयी थोडे निराळे सांगावयास हवे. सर्व अंग झाकणारा रबरी पोशाख आश्विनातील उन्हात अर्धा तासही अंगावर ठेवणे कठीण असते, आणि जो पोशाख खुंटीवर टांगलेला राहतो त्याचा उपयोग नाही. पूर्ण बाह्यांचा जाड सुती सदरा, पाठ व पोट झाकणारे प्लॅस्टिकचे आवरण, डोक्यास टोपी, डोळ्यांस चष्मा, तोंडास योग्य मुखपट्टी, हातांत रबरी मोजे आणि पायांत गमबूट एवढे जरी नित्यनेमाने वापरले गेले, तरी पुष्कळ विष बाहेर राहते. विजारीचे पाय बुटांच्या आत न खोचता बाहेर सोडावेत, नाहीतर ओघळ बुटात उतरतो. काम संपताच साबणाने स्नान करावे व कपडे घरच्या कपड्यांत न मिसळता वेगळे धुवावेत. हे कपडे बहुधा घरातील स्त्री धुते आणि तिच्या हातांत मोजे नसतात, ही गोष्ट फारशी कोणाच्या ध्यानात येत नाही.

डब्यावरील चौकोनी चिन्हातील खालच्या त्रिकोणाचा रंग औषधाचा जहालपणा सांगतो. कीटकनाशक कायदा १९६८ चा असून त्याखालील १९७१ च्या नियमांनी हे रंग ठरविले आहेत. लाल रंग सर्वांत जहाल विषाचा असून त्यावर कवटी व हाडांचे चिन्ह असते. त्याच्या खालोखाल पिवळा, मग निळा आणि शेवटी हिरवा येतो. हिरवा त्रिकोण म्हणजे निर्धोक औषध असा अर्थ कोणी घेऊ नये. तो सर्वांत कमी विषारी एवढेच सांगतो. ज्या किडीसाठी निळ्या किंवा हिरव्या त्रिकोणाच्या औषधाची शिफारस उपलब्ध आहे, तिच्यासाठी लाल त्रिकोणाचे औषध आणण्यात शहाणपण नाही. वाचता न येणाऱ्या मजुराला हे रंग एकदा दाखवून ठेवावेत. त्याला अक्षर कळले नाही तरी रंग कळतो.

काही भागांत फवारणीची मजुरी पंपाप्रमाणे दिली जाते. ही पद्धत मालकाला सोयीची वाटते, परंतु ती घातक आहे. पंप मोजून पैसे मिळणार असतील तर मजूर भराभर चालतो, दुपारीही थांबत नाही, मोजे काढून टाकतो आणि मळमळ झाली तरी सांगत नाही. झाडाच्या आतल्या बाजूस औषध पोचते की नाही हे पाहण्यास त्यास सवड नसते. फवारणीपुरती तरी रोजाची मजुरी ठरवावी, एका माणसास सलग अनेक दिवस हे काम देऊ नये, आणि हातापायास जखम असलेल्या, आजारी किंवा उपाशी माणसास पंप देऊ नये. गरोदर व अंगावर पाजणाऱ्या स्त्रिया तसेच मुले यांना या कामापासून व नुकत्याच फवारलेल्या शेतापासून दूर ठेवावे. सकाळी फवारलेल्या वावरात दुपारी निंदणीच्या बाया पाठविणे, हा प्रकार तर सर्वथा बंद झाला पाहिजे.

एवढे करूनही डोके दुखणे, घाम व लाळ सुटणे, मळमळ, अंधुक दिसणे, डोळ्यांच्या बाहुल्या बारीक होणे, स्नायू फडफडणे किंवा छाती आवळल्यासारखी वाटणे, यांपैकी काही लक्षणे दिसली तर काम तत्काळ थांबवावे. माणसाला शेताबाहेर आणावे, कपडे उतरवून अंग साबणाने धुवावे आणि औषधाचा डबा किंवा त्यावरील माहितीपत्रक बरोबर घेऊन रुग्णालय गाठावे. सेंद्रिय फॉस्फरस गटातील औषधांच्या बाधेवर ॲट्रोपिन वेळेवर मिळाले तर रोगी वाचतो, परंतु कोणत्या औषधाची बाधा आहे हे डॉक्टरांस लवकर कळले पाहिजे. झोप काढली की बरे वाटेल, असे म्हणून त्याला बांधावर निजविण्यात अमूल्य वेळ जातो.

मळणी यंत्र

मळणी यंत्रात, किंवा काही भागांत त्यास हडंबा म्हणतात त्यात, हात सापडण्याचे अपघात दर हंगामात होतात. गेलेला हात परत येत नाही, आणि तो बहुधा घरातील कमावत्या माणसाचा असतो. अशा यंत्रांच्या नियमनासाठी १९८३ साली केंद्र शासनाने धोकादायक यंत्रे (नियमन) कायदा केला व शक्तीवर चालणारी मळणी यंत्रे त्याखाली आणली. भारतीय मानकानुसार यंत्राची गव्हाण, म्हणजे ज्या पन्हाळीतून पेंढी आत सरकविली जाते ती, किमान ९० सेंटिमीटर लांब असावी आणि तिचा ड्रमकडील किमान ४५ सेंटिमीटर भाग वरून झाकलेला असावा. हे माप माणसाच्या हाताचा विचार करून ठरविले आहे. गव्हाण एवढी लांब व झाकलेली असली की हात ड्रमपर्यंत सहजासहजी पोचत नाही. स्वस्त मिळते म्हणून आखूड गव्हाणीचे यंत्र घेणारा शेतकरी थोडक्या पैशांसाठी हाताचा धोका पत्करतो. भाड्याचे यंत्र शेतात आले की प्रथम टेपने गव्हाण मोजावी. यास दोन मिनिटे लागतात.

अपघात नेमके केव्हा होतात हे पाहिले तर आणखी एक गोष्ट आढळते. पीक ओलसर असते, ते ड्रममध्ये अडकते, आणि घाई असलेला माणूस ते हाताने आत रेटतो. मागे रांगेत दुसऱ्याचे शेत थांबलेले असते, रात्र झालेली असते, दिवा एकच असतो आणि पेंढ्या सारणारा माणूस सकाळपासून उभा असतो. पीक नीट वाळवून, पेंढ्या सारख्या मापाने व सारख्या गतीने सारल्या तर यंत्र तुंबत नाही, हात आत घालण्याचा प्रसंग येत नाही आणि तासाला धान्यही अधिक निघते. सोयाबीनच्या बाबतीत यात आणखी एक लाभ आहे. घाईने ड्रम वेगात फिरविला तर दाण्याचे बाह्य आवरण दुखावते व बियाणे उगवत नाही. बियाण्यासाठी मळणी करताना ड्रमची गती मिनिटास सुमारे ४०० फेऱ्यांच्या आत ठेवावी. माणसाला मानवणारी गतीच येथे बियाण्यालाही मानवते.

पट्टे व पुल्या यांवर जाळी असावी. यंत्राजवळ काम करणाऱ्या स्त्रीने पदर खोचून वर सदरा चढवावा व केस बांधावेत. पुरुषांनी उपरणे, मफलर व सैल सदरा टाळावा. ट्रॅक्टरच्या पीटीओ शाफ्टवरील आवरण बहुतेक ठिकाणी पहिल्याच वर्षी निघून जाते आणि परत बसविले जात नाही. ते परत बसवावे. मद्य घेतलेल्या माणसास यंत्राजवळ उभे करू नये, हे सर्वांस माहीत असते, पण हंगामात माणूस कमी पडतो आणि नियम बाजूला राहतो.

ऊन, पाणी व विसावा

वैशाखातील उन्हात दुपारी बारा ते चार या वेळात राबणारा मजूर सकाळच्या निम्मेही काम करीत नाही, हे प्रत्येक अनुभवी शेतकऱ्यास ठाऊक आहे. तरीही दिवस भरला पाहिजे या हट्टाने त्याला उन्हात ठेवले जाते. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या २०१९ मधील अहवालात भारताविषयी असा अंदाज दिला आहे की, उष्णतेच्या ताणामुळे २०३० साली देशातील एकूण कामाच्या तासांपैकी ५.८ टक्के तास वाया जातील. या नुकसानीचा मोठा भार शेती व बांधकाम यांवर पडणार आहे.

यावर उपाय केल्यास काय घडते, याचे एक उदाहरण मध्य अमेरिकेतील एल साल्वाडोर या देशातील आहे. तेथील ऊसतोड मजुरांत मूत्रपिंडाच्या आजाराचे प्रमाण चिंताजनक झाल्यामुळे २०१४-१५ च्या हंगामात एक प्रयोग करण्यात आला. मजुरांना पाठीवर वाहता येणारी पाण्याची पिशवी दिली, फडाबरोबर हलविता येणारी सावली उभारली, ठरावीक अंतराने सक्तीचा विसावा ठेवला आणि तोडणीचा कोयता सुधारून दिला. पाणी पिण्याचे प्रमाण वाढले व उन्हाच्या बाधेची लक्षणे घटली. विशेष म्हणजे दिवसास माणशी सुमारे पाच टन असलेली तोड सात टनांवर गेली. यात सुधारित कोयत्याचा वाटा होता, म्हणून सर्व श्रेय विसाव्यास देता येणार नाही. परंतु विसाव्यामुळे काम घटेल, ही भीती तेथे खरी ठरली नाही.

महाराष्ट्रातील ऊसतोड टनावर चालते आणि मजुराच्या डोक्यावर मुकादमाकडून घेतलेल्या उचलीचे ओझे असते. त्यामुळे तो आपणहून विसावा घेणार नाही. पाणी व सावली यांची तजवीज कारखाना, मुकादम आणि ऊस ज्याचा आहे तो शेतकरी यांनी मिळून केली तरच होईल.

इतर शेतकामांत वेळेचा बदल सहज शक्य आहे. उन्हाळ्यात पहाटे सहाला आरंभ करून अकरास थांबावे व उरलेले काम चारनंतर करावे. मोकळ्या वावरात चार बांबू व एक ताडपत्री यांची सावली पुरते. पाणी कामाच्या ओळीजवळ असावे. तहान लागण्याची वाट न पाहता दर वीस मिनिटांनी थोडे थोडे प्यावे, म्हणून विहीर दोन वावरे पलीकडे आहे असे सांगून भागत नाही. याच संबंधात एक नाजूक गोष्ट उघडपणे मांडणे आवश्यक आहे. शेतात आडोसा नसल्याने अनेक स्त्रिया दिवसभर पाणी पिण्याचे टाळतात. त्यामुळे चक्कर, लघवीची जळजळ व ताप हे विकार त्यांच्यात वारंवार दिसतात, आणि खुरपणी, निंदणी, वेचणी ही सारी कामे तर त्यांच्याच हातांवर चालतात. बांधाच्या कोपऱ्यात तुराट्यांचा एक आडोसा उभा करण्यास अर्धा दिवस लागतो.

अवजारांच्या बाबतीत थोडक्यात एवढेच की, बसून खुरपण्यापेक्षा उभ्याने चालविता येणारे सायकल कोळपे ओळीतील कामास कंबर न मोडता पुष्कळ पुढे नेते, आणि वैभव विळ्यासारखा दातेरी व हलका विळा मनगटावरील ताण कमी करतो. सोयाबीन कापताना शेंगांची टोके हातास टोचतात, तेव्हा जाड कापडाचे मोजे घरीच शिवून द्यावेत.

साप-विंचवाचे भय भातकापणीत व गंजी हलविताना अधिक असते. सर्पदंश झाल्यास जखम कापू नये, चोखू नये, दोरीने आवळू नये. तो अवयव न हलविता रोग्याला सरळ रुग्णालयात न्यावे. नाग, मण्यार, घोणस व फुरसे या चारही सापांच्या विषावर एकच प्रतिविष चालते, म्हणून साप मारून बरोबर नेण्याची आवश्यकता नाही. कोकणातील लाल विंचवाचा दंश पूर्वी पुष्कळदा प्राणघातक ठरे. महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी प्राझोसिन या औषधाचा उपयोग दाखवून दिल्यापासून वेळेवर दवाखाना गाठलेला रोगी बहुधा वाचतो. सिंधुदुर्गात भाताच्या खाचरात अनवाणी, पायास जखम असताना उतरल्याने लेप्टोस्पायरोसिस होण्याचा धोका असतो. तेथे पावसाळ्यातील ताप अंगावर काढू नये.

अपघातानंतरची तरतूद

गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजनेखाली, २०२३ पासून, अपघाती मृत्यू आल्यास दोन लाख रुपये मिळतात. सर्पदंश, विजेचा धक्का, औषधे हाताळताना होणारी विषबाधा यांचा तीत समावेश आहे. परंतु ही योजना सातबारावर नाव असलेला खातेदार व त्याच्या कुटुंबातील एक सदस्य यांच्यापुरती आहे. ज्याच्या नावावर जमीन नाही असा मजूर तीत बसत नाही. म्हणजे एकाच वावरात, एकाच पंपाने, एकाच दिवशी बाधा झाली तरी मालकाच्या घरी साहाय्य पोचते आणि मजुराच्या घरी पोचत नाही.

ही उणीव काही अंशी भरून काढणारी तरतूद म्हणजे प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजना. १८ ते ७० वर्षे वयाच्या, बँकेत किंवा पोस्टात बचत खाते असलेल्या कोणासही ती घेता येते. वार्षिक हप्ता २० रुपये असून अपघाती मृत्यू किंवा पूर्ण अपंगत्व आल्यास दोन लाख व अंशतः कायम अपंगत्व आल्यास एक लाख रुपये मिळतात. विम्याचे वर्ष १ जूनपासून ३१ मेपर्यंत चालते. पाडव्यास किंवा आखाजीस सालदार ठरविताना त्याचा व नेहमीच्या रोजंदार स्त्री-पुरुषांचा हा हप्ता मालकाने आपल्या खर्चाने भरावा, आणि १ जूनपूर्वी त्यांच्या खात्यात तेवढी रक्कम शिल्लक आहे ना हे पाहावे, कारण शिल्लक नसेल तर हप्ता कापला जात नाही व विमा तुटतो.